उंची आधी कुणाला? काल्पनिक फ्रिगेटवरची रडार आणि शस्त्रं

तुम्ही एका काल्पनिक द्वीपराष्ट्राच्या नौदलासाठी फ्रिगेट रेखाटली आहे. रडार आणि शस्त्रं कुठे ठेवायची याचे काही नियम असतात का, आणि जाणकार माणसाला हे चित्र खरं वाटेल का, असं तुम्ही विचारलं आहे. इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची मांडणी थोडक्यात सांगतो. जहाज १४० मीटर लांब, ६,००० टनांचं. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, १२७ मिमीची तोफ, तिच्यामागे पुढे तोंड केलेली आठ जहाजभेदी क्षेपणास्त्रं, त्यामागे डेकमध्ये उभे ६४ क्षेपणास्त्र-कप्पे, मग ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची खोली. ब्रिजच्या चार भिंतींवर चार सपाट रडार पॅनल, पाण्यापासून साधारण १३ मीटरवर. पुढच्या डोलकाठीच्या टोकावर लांब पल्ल्याचं मोठं फिरतं रडार. तिच्यामागे धुराडं, धुराड्याला लागून दुसरी डोलकाठी आणि तिच्यावर कॅमेरे. शेवटी हेलिकॉप्टरचं हँगर, आणि जवळच्या बचावाच्या दोन्ही तोफा हँगरच्या छपरावर.

माझी बरीच वर्षं डेकच्या वरच्या मांडणीवर गेली, म्हणजे डोलकाठ्या, अँटेना, तोफा आणि त्यांच्यातली भांडणं सोडवण्यात. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या चित्रात शस्त्रं कमी-जास्त झाली आहेत ही मुख्य अडचण नाही. तुम्ही प्रत्येक वस्तू तिच्या आकाराएवढ्या जागेत बसवली आहे, खरी अडचण तिथे आहे. जहाजावरची प्रत्येक वस्तू आकारापेक्षा कितीतरी मोठी जागा खाते. रडारला दिसण्याचा मोकळा कोन लागतो, तोफेला फिरण्याचा आणि मारण्याचा कोन लागतो, क्षेपणास्त्राला मागे आगीचा लोळ सोडायला जागा लागते, धुराड्याला धूर सोडायला. या सगळ्या अदृश्य जागा एकमेकींवर चढतात आणि भांडण तिथे सुरू होतं. तेव्हा 'हे कुठे ठेवू' याच्या आधी 'हे कुणाच्या आड येतंय, आणि दोघांपैकी माघार कुणी घ्यायची' हे विचारायला हवं.

माघार कुणी घ्यायची हे मात्र परिस्थितीवर ठरतं. १९८० च्या दशकातलं जहाज असेल तर उत्तर एक, आजचं असेल तर दुसरं. शत्रूचा भर पाणबुड्यांवर असेल तर हेलिकॉप्टरला आणि सोनारला (पाण्यातल्या आवाजावरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राला) आधी जागा द्यावी लागेल. समुद्र कायम खवळलेला असेल तर नाळेजवळ ठेवलेली कुठलीही नाजूक वस्तू लाटा खाणार. तुमच्या वर्णनावरून मी धरून चालतो की काळ आजचा आहे, मुख्य धोका पाण्याला घासून येणाऱ्या क्षेपणास्त्रांचा आहे, पाणबुड्या दुय्यम आहेत. हे गृहीत चुकीचं असेल तर पुढचे काही निष्कर्ष उलटतील.

आता उंचीकडे येतो. माझ्या मते तुमच्या चित्रातली सर्वांत मोठी चूक इथेच आहे.

रडारची किरणं जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे, त्यामुळे क्षितिजापलीकडचं दिसत नाही. हिशेब सोपा आहे. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं, लक्ष्याच्या उंचीचं वर्गमूळ काढायचं, दोन्हींची बेरीज ४.१२ ने गुणायची. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. हवेत किरणं थोडी वाकतात, तो फरक या ४.१२ मध्ये धरलेला आहे.

तुमची चार पॅनल १३ मीटरवर आहेत. क्षेपणास्त्र पाण्यापासून ४ मीटरवरून येतंय असं धरा. उत्तर येतं साधारण २३ किलोमीटर. तीच पॅनल २५ मीटरवर नेली तर साधारण २९ किलोमीटर. सहा किलोमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. म्हणून तो सेकंदांत मोजून बघा. सेकंदाला ३०० मीटर वेगाने येणारं क्षेपणास्त्र असेल तर ७७ सेकंदांऐवजी ९६ सेकंद मिळतात. सेकंदाला ८५० मीटरवालं असेल तर २७ ऐवजी ३४.

हे सात सेकंद म्हणजे काय? समजा, लक्ष्य दिसल्यापासून आपलं क्षेपणास्त्र सुटेपर्यंत १२ सेकंद जातात आणि ते सरासरी सेकंदाला ७०० मीटरने जातं. पॅनल २५ मीटरवर असतील तर दोघांची गाठ जहाजापासून ८ किलोमीटरवर पडते. नेम चुकला, हे कळायला आणि दुसरं सोडायला ५ सेकंद लागले, तरी शत्रूचं क्षेपणास्त्र अजून ४ किलोमीटर लांब असतं. दुसरी संधी अगदी काठावरची, पण आहे. पॅनल १३ मीटरवर असतील तर पहिली गाठ ६ किलोमीटरच्या आतच पडते, आणि पाच सेकंदांनी शत्रू दीड किलोमीटरवर असतो. तिथे दुसरं क्षेपणास्त्र सोडून उपयोग नसतो, कारण ते वर जाऊन वळेपर्यंतच सगळं संपलेलं असतं. बारा मीटर उंचीने दुसरी संधी मिळते किंवा जाते. म्हणून आम्ही उंचीवर एवढे भांडतो.

आता डोलकाठीच्या टोकावरचं तुमचं लांब पल्ल्याचं रडार बघा. त्याचं काम दूरवरची, उंचावरून उडणारी विमानं शोधणं. १०,००० मीटर उंचीवरच्या विमानासाठी तोच हिशेब लावा. वर्गमूळ १००, म्हणजे एकट्या विमानाच्या उंचीमुळेच ४१२ किलोमीटर मिळतात. अँटेना ३२ मीटरवर असेल तर त्यात २३ ची भर पडते, १८ मीटरवर असेल तर साडेसतराची. सव्वाचारशे किलोमीटरच्या वर सहा किलोमीटरचा फरक. म्हणजे ज्याला उंचीची गरज जवळजवळ नाही, त्याला तुम्ही सर्वांत उंच जागा दिली आहे. ज्याचं सगळं उंचीवर अवलंबून आहे, ते भिंतीवर खाली बसलं आहे. या दोघांची अदलाबदल करा. ब्रिटिश टाइप ४५ विनाशिका नेमक्या अशाच आहेत. त्यांचं सॅम्पसन रडार पुढच्या उंच डोलकाठीच्या टोकावरच्या गोळ्यात आहे आणि लांब पल्ल्याचं काळं आडवं रडार मागे, बरंच खाली. सॅम्पसनला चार पॅनलही नाहीत. पाठीला पाठ लावलेली दोन पॅनल मिनिटाला ३० फेरे घेतात, त्यामुळे प्रत्येक दिशेला दर सेकंदाला एकदा नजर पडते. चारऐवजी दोन पॅनल घेतल्याने वजन वाचलं आणि ते वाचलेलं वजन उंचीत खर्च करता आलं.

कारण उंचीची किंमत वजनात मोजावी लागते. जहाजाचा गुरुत्वमध्य कण्यापासून, म्हणजे तळाच्या मधल्या तुळईपासून, ८ मीटरवर आहे आणि तुमचं मोठं रडार त्याच्या आधारासकट १५ टन आहे असं धरा. ते कण्यापासून ३८ मीटरवर ठेवलं तर ६,००० टनांच्या जहाजाचा गुरुत्वमध्य साडेसात सेंटिमीटरने वर सरकतो. एका वस्तूने एवढा. कलल्यावर जहाजाला सरळ करणारी जी मेटासेंट्रिक उंची असते, ती अशा जहाजात साधारण एक ते दीड मीटर असते, आणि प्रत्येक विभाग आपापले सात-आठ सेंटिमीटर मागायला येतो. कुणाचंही मागणं एकेकटं पाहिलं तर अवाजवी नसतं, पण बेरीज जहाज बुडवू शकते. १९३४ च्या मार्चमध्ये जपानची तोमोझुरू ही जेमतेम ६०० टनांची टॉर्पेडो नौका वादळात उलटली आणि सुमारे शंभर खलाशी गेले. लहान जहाजावर मोठ्या जहाजाची शस्त्रं चढवली होती. त्यानंतर जपानी नौदलाला तयार आणि अर्धवट बांधलेल्या कितीतरी जहाजांवरचं वरचं वजन उतरवावं लागलं.

तेव्हा रडार वर नेताना दोन गोष्टी करा. ज्याला उंची हवी ते हलकं निवडा, आणि त्याच्या बदल्यात दुसरं काहीतरी खाली आणा. हलकं निवडण्यात तरंगलांबी कामी येते. १० सेंटिमीटर लहरींवर चालणाऱ्या रडारला ४ मीटर रुंद अँटेनातून जेवढा बारीक झोत मिळतो, तेवढाच ३ सेंटिमीटर लहरींच्या रडारला सव्वा मीटरच्या अँटेनातून मिळतो. छोट्या लहरी पाण्यालगतच्या लक्ष्यासाठी जास्त चांगल्या असतात, फक्त पावसात त्यांचा पल्ला जास्त घटतो. पॅनलच्या वजनाबरोबर त्याच्या पाठीमागचं वजनही धरा. आजच्या पॅनलना थंड पाण्याचे नळ लागतात, वीज लागते, आणि यंत्रांची खोली पॅनलच्या शक्य तितकी जवळ लागते. चित्रात डोलकाठी बारीक काढून तिच्यावर चार पॅनल चिकटवलेली दिसली की मला लगेच कळतं, काढणाऱ्याने आतल्या खोलीचा विचार केलेला नाही. तुमच्या जहाजाला ब्रिजच्या वर आत चढून जाता येईल असा जाड, बंद मनोरा हवा.

दुसरा मोठा मुद्दा मोकळ्या कोनाचा. तोफेचा पल्ला सगळे विचारतात, पण ती कुठल्या दिशेला मारू शकत नाही हे कुणी विचारत नाही. हे माहीत असणं माझ्या लेखी जास्त महत्त्वाचं आहे. प्रत्येक तोफेला काही कोनांत गोळीबार आपोआप बंद करणारी व्यवस्था असते, नाहीतर ती आपल्याच डोलकाठीवर मारेल. म्हणजे तुम्ही शेजारी एक खांब उभा केला की तिच्या माऱ्यातून तेवढा कोन आणि दोन्ही बाजूंची सुरक्षित पट्टी कायमची गेली.

तुमच्या दोन्ही तोफा हँगरवर आहेत, म्हणजे नाळेच्या दिशेने येणाऱ्या क्षेपणास्त्राला तुमच्याकडे जवळचं उत्तरच नाही. १७ मे १९८७ ला पर्शियन आखातात अमेरिकेच्या स्टार्क या फ्रिगेटला दोन एक्झोसेट क्षेपणास्त्रं लागली आणि ३७ खलाशी गेले. तिची एकुलती फॅलँक्स तोफ मागे हँगरवर होती आणि क्षेपणास्त्रं पुढून, डाव्या अंगाने आली. मधे जहाजाचं स्वतःचं सुपरस्ट्रक्चर, म्हणजे डेकवरचं सगळं बांधकाम, होतं. तोफ स्वयंचलित स्थितीतही नव्हती, त्यामुळे सगळा दोष जागेला देता येणार नाही. पण ती चालू असती तरी आधी जहाज वळवून तिला मोकळा कोन द्यावा लागला असता. म्हणून तुमची एक तोफ ब्रिजच्या पुढे उंचावर आणा, दुसरी हँगरवर राहू द्या. दोघींचे कोन दोन्ही बाजूंना एकमेकांवर चढले पाहिजेत.

रडारच्या बाबतीत हाच हिशेब सावलीचा. अर्धा मीटर जाडीचा खांब अँटेनापासून ५ मीटरवर असेल तर जवळपास ६ अंशांची सावली पाडतो. २० मीटरवर नेला तर दीड अंशाचीही नाही. शिवाय खांबावर आदळून परतलेल्या किरणांमुळे नसलेली लक्ष्यं पडद्यावर दिसतात, तो त्रास वेगळाच. म्हणून अँटेनाजवळ कुठली उंच वस्तू ठेवावीच लागली तर ती लांब तरी ठेवा, नाहीतर अँटेनाच्या पातळीखाली तरी.

हे तपासायची एक जुनी रीत सांगतो, कारण ती तुम्हाला घरीही करता येईल. मी कामाला लागलो तेव्हा आमच्याकडे जहाजाची शंभराव्या हिश्शाची लाकडी प्रतिकृती असायची. विजेरीतला बारीक बल्ब आम्ही काळ्या दोऱ्याने अँटेनाच्या जागी बांधायचो, प्रतिकृतीभोवती पांढऱ्या कागदाचं कडं उभं करायचो आणि खोलीतले दिवे घालवायचो. कागदावर जहाजाची सावली पडायची. पेन्सिलीने कडा गिरवायच्या आणि खाली अंश लिहायचे. एका जहाजाच्या वेळी मागच्या बाजूला एक जाड काळी रेघ उमटली, जी नकाशात कुठेच नव्हती. बराच वेळ कळेना. शेवटी प्रतिकृतीवर बोट फिरवत गेलो तर तो छोट्या बोटीचा क्रेन निघाला. क्रेन मिटलेला असताना अँटेनाच्या खाली असायचा, पण प्रतिकृती करणाऱ्याने तो उभा केला होता. आणि बोट पाण्यात सोडताना तो तसाच उभा असणार होता. बोट सोडायची वेळ म्हणजे अनोळखी जहाज शेजारी असण्याची वेळ, म्हणजे नेमकी तीच बाजू उघडी हवी तेव्हा. आम्ही क्रेन तीन मीटर मागे नेला. आज हे काम संगणक करतो. तुम्ही त्रिमितीय मॉडेल केलं असेल तर कॅमेरा अँटेनाच्या जागी ठेवून चौफेर एक चित्र काढा. आकाशाऐवजी स्वतःचं जहाज किती दिसतंय ते मोजा. दारं, क्रेन, तोफेची नळी, हेलिकॉप्टरचे पंखे हे सगळं उघड्या स्थितीत ठेवून मोजा.

एका जागी केलेला बदल दुसरीकडे कसा पोचतो, याचं चांगलं उदाहरण अमेरिकेच्या आर्ली बर्क विनाशिकांचं आहे. सुरुवातीच्या जहाजांना हेलिकॉप्टर उतरायचा डेक होता, पण हँगर नव्हतं. पुढच्या आवृत्तीत हँगर घातलं, तर मागे बघणाऱ्या रडार पॅनलना ते आडवं येऊ लागलं. मग ती पॅनल जवळपास एक मजला वर चढवावी लागली. हँगर मागे, रडार पुढे, तरी दोघांचं भांडण झालंच.

आता आग, धूर आणि हादरे. हे मुद्दे तितकेच महत्त्वाचे आहेत, पण समजायला सोपे. तुमची आठ जहाजभेदी क्षेपणास्त्रं ब्रिजच्या समोर पुढे तोंड करून आहेत, म्हणजे सुटताना त्यांचा जाळ मागे ब्रिजच्या काचांवर जाणार. ती क्षेपणास्त्रं हवेत गेल्यावर स्वतः वळतात, त्यांना लक्ष्याकडे तोंड करून ठेवायची गरज नसते. बहुतेक जहाजांवर ती मधल्या भागात, आडवी, चार एका बाजूला आणि चार दुसऱ्या बाजूला तोंड करून तिरकी ठेवतात. जाळ समोरच्या कठड्यावरून समुद्रात जातो. तुम्हीही तेच करा, पुढचा डेक मोकळा होईल.

उभ्या कप्प्यांचा जाळ वर येतो. घन इंधनाच्या धुरात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड असते, ती जवळच्या पॅनलवर बसते. म्हणून कप्प्यांच्या झाकणांपासून पॅनल लांब हवीत आणि धुण्याची सोय हवी. तोफेचा हादरा तर याहून वाईट. २३ मे १९४१ च्या संध्याकाळी जर्मन युद्धनौका बिस्मार्कने ब्रिटिश क्रूझर नॉरफोकवर तोफा डागल्या आणि त्या हादऱ्याने बिस्मार्कचं स्वतःचंच पुढचं रडार बंद पडलं. पुढे बघता येईना म्हणून सोबतच्या प्रिन्झ ऑयगेन या जहाजाला तिच्या पुढे पाठवावं लागलं. तुमची १२७ मिमीची तोफ बिस्मार्कच्या तोफांपुढे लहान आहे, तरी तिच्या नळीच्या टोकापासून नाजूक अँटेना काही मीटरवर ठेवू नका. आणि ती तोफ अगदी नाळेच्या टोकाशीही नको. तिथे जहाज अरुंद असतं, खालच्या दारूगोळ्याच्या खोलीला रुंदी मिळत नाही, आणि लाटा थेट अंगावर येतात.

धुराड्यामागच्या तुमच्या डोलकाठीबद्दल इतिहासातलं एकच जहाज आठवा. १९०६ ची ब्रिटिश ड्रेडनॉट तिच्या काळातली सर्वांत आधुनिक युद्धनौका, आणि तिची निरीक्षण-डोलकाठी पुढच्या धुराड्याच्या मागे होती. जहाज पुढे चाललं की धूर आणि गरम हवा थेट वर बसलेल्या माणसांवर. तुमच्याकडे माणसांऐवजी कॅमेरे आहेत, पण गॅस टर्बाइनचा धूर ४००-५०० अंश सेल्सियसच्या घरात असतो आणि उष्णता बघणाऱ्या कॅमेऱ्याला त्यातून पलीकडचं काही दिसणार नाही. कॅमेरे धुराड्याच्या पुढे आणा. मागे बघायला एक हँगरच्या कडेला ठेवा, धुराच्या वाटेखाली.

विद्युतचुंबकीय भांडणं चित्रात दिसत नाहीत, म्हणून ती शेवटपर्यंत राहून जातात. ४ मे १९८२ ला फॉकलंड युद्धात ब्रिटिश विनाशिका शेफील्डला एक्झोसेट लागलं आणि २० जण गेले. त्या वेळी जहाजावरून उपग्रहामार्फत संदेश पाठवणं चालू होतं, आणि त्या प्रक्षेपणामुळे शत्रूच्या रडारची चाहूल घेणारं यंत्र काम करत नव्हतं. जहाजाचं तोंड बोलत होतं म्हणून कान बंद होते. तेव्हा ऐकणाऱ्या अँटेना सर्वांत वर, बोलणाऱ्यांपासून दूर ठेवा. मनोऱ्याच्या टोकावरची जी बारीक काठी असते, ती बहुधा यांचीच. त्या हलक्या असतात, त्यामुळे तिथे परवडतात. एकाच पट्ट्यात चालणारी दोन रडार शेजारी ठेवू नका. ठेवावीच लागली तर एक बोलताना दुसऱ्याने गप्प राहायचं असं वेळापत्रक लागतं आणि दोघांचाही वेळ वाया जातो.

माणसांचाही विचार करा. डोलकाठीवर दुरुस्तीला चढणाऱ्याने रडारची किल्ली आधी काढून स्वतःच्या खिशात ठेवायची आणि मगच शिडीला हात लावायचा, ही आमच्याकडची न मोडता येणारी शिस्त. तो खाली येईपर्यंत ते रडार कुणीही चालू करू शकत नाही. चित्रात शिड्या आणि उभं राहायचे छोटे सज्जे दाखवा. ते नसले की यंत्राला कधी कुणी हात लावायला जाणारच नाही असं वाटतं.

६४ कप्प्यांचं काय? लांब क्षेपणास्त्रांसाठीचे अमेरिकी मार्क ४१ कप्पे ७.७ मीटर खोल असतात, म्हणजे जवळजवळ तीन मजले. नाळेकडे जहाज वरून रुंद दिसलं तरी खाली निमुळतं होत जातं, त्यामुळे एवढी खोली आणि रुंदी दोन्ही मिळतील अशी जागा थोडीच असते. स्पेनच्या अल्व्हारो दे बाझान फ्रिगेट तुमच्याच आकाराच्या आहेत, साधारण १४७ मीटर आणि ६,००० टनांच्या आसपास. त्यांनी ब्रिजच्या पुढे ४८ कप्पे बसवले आहेत. म्हणजे सगळे पुढे ठेवणं चूक आहे असं मी म्हणणार नाही, ते करून दाखवलेलं आहे. माझा कल मात्र विभागण्याकडे आहे: ३२ पुढे, १६ मागे हँगरच्या आधी. पुढे एक तडाखा बसला तर सगळा साठा एकदम जाऊ नये. १६ कप्पे कमी झाले हे तुम्हाला खटकेल, पण तेच वजन आणि तीच जागा तुम्हाला उंच मनोऱ्यासाठी हवी आहे. क्षेपणास्त्रं स्वतः लक्ष्य शोधणारी आहेत की जहाजावरून लक्ष्यावर झोत टाकावा लागतो, हेही ठरवा. झोत टाकावा लागत असेल तर त्यासाठी वेगळी तबकडी लागते, आणि एका वेळी किती लक्ष्यांवर मारा करता येईल हे कप्प्यांच्या संख्येपेक्षा त्या तबकड्यांच्या संख्येवर जास्त ठरतं. आर्ली बर्कवर अशा तीनच आहेत, एक पुढे आणि दोन मागे.

हे सगळं धरून तुमच्या जहाजावर मी पुढून मागे असा चालत जाईन. नाळेपासून थोडी जागा सोडून तोफ. मग ३२ कप्पे. मग ब्रिज, आणि त्याच्या पुढच्या छपरावर जवळच्या बचावाची पहिली तोफ. ब्रिजच्या वर बंद मनोरा, त्यावर २५ मीटरवर चार हलकी पॅनल, टोकाला ऐकणाऱ्या अँटेना, मनोऱ्याच्या पुढच्या अंगाला कॅमेरे. मनोऱ्यामागे जमेल तेवढं अंतर सोडून धुराडं, तेही पॅनलच्या पातळीखाली. मधल्या मोकळ्या जागेत आडवी आठ जहाजभेदी क्षेपणास्त्रं आणि दोन्ही बाजूंना क्षेपणास्त्रांना चकवणारे फसवे ढग सोडणाऱ्या नळ्या. धुराड्याच्या मागे, त्याच्या झोतातून जेवढं बाजूला काढता येईल तेवढं, बुटक्या डोलकाठीवर १८ मीटरवर लांब पल्ल्याचं रडार. त्याला धुराचा त्रास थोडा होईल; कॅमेऱ्याइतका होत नाही, म्हणून ही जागा मी त्याच्या वाट्याला टाकली. मग १६ कप्पे, हँगर, त्यावर दुसरी तोफ. टॉर्पेडोच्या नळ्या कडेला हँगरच्या बाजूंना बसतात. ओढायचा सोनार शेवटच्या टोकाला, हेलिकॉप्टरच्या डेकखाली, आणि नाळेखालचा सोनार जहाजाच्या पाण्यातल्या पंख्यांच्या आवाजापासून जितका लांब जाईल तितका बरा.

या मांडणीतही आंधळे कोन आहेतच. मनोऱ्यामुळे पहिल्या तोफेला मागचं दिसत नाही, बुटक्या डोलकाठीमुळे दुसरीला पुढचं. लांब पल्ल्याच्या रडारला मनोऱ्याची सावली नेमकी नाळेच्या दिशेने पडते. तुम्ही या जहाजावर कथा लिहिणार असाल तर हे कोन अंशांत काढून चित्राच्या कडेला लिहून ठेवा. लढाईच्या प्रसंगात तुमच्या कॅप्टनचा पहिला हुकूम बहुधा 'मारा' असा नसेल, 'वळवा' असा असेल, आणि सुकाणू वळल्यापासून तोफेचा कोन उघडेपर्यंतचे सेकंद त्या चौतीसमधूनच वजा होतील.